गावच्या चौकात सावलीचं घड्याळ कसं आखावं

या घड्याळाला काटा नसतो. जमिनीवर चपट्या लंबवर्तुळात तासांचे आकडे असतात आणि मधोमध उत्तर-दक्षिण अशी महिन्यांची पट्टी. येणाऱ्याने चालू महिन्याच्या खुणेवर उभं राहायचं, सूर्याकडे पाठ करायची, दोन्ही हात डोक्यावर सरळ जोडायचे. सावली ज्या आकड्याकडे वळते ती वेळ. फ्रान्समधल्या ब्रू इथल्या चर्चसमोर या जातीचं जुनं घड्याळ आहे. जयपूरच्या जंतर मंतरमधलं २७ मीटर उंचीचं सम्राट यंत्रही सावलीवरच चालतं, पण त्याची जात वेगळी आणि बांधकाम प्रचंड. माणूसच काटा होतो त्या घड्याळाला बांधकाम जवळजवळ नसतंच. मोकळी सपाट जागा, मोजपट्टी, दोरी, खडू आणि एका दिवसासाठी सहा-आठ माणसं एवढ्यावर काम होतं. भरपूर ऊन असलेल्या छोट्या गावाने पाहुण्यांसाठी आणि स्वतःसाठी काहीतरी करायचं म्हटलं, तर आधी हे करावं असं आमचं ठाम मत आहे. इथे लोक नुसते बघत नाहीत, उभे राहतात, हात वर करतात, एकमेकांची सावली वाचतात.

मात्र घाईने आखलेलं घड्याळ चुकीची वेळ दाखवतं, आणि दोनदा चूक दिसली की गाव त्याच्याकडे पाहणं सोडून देतं. चुका नेहमी त्याच तीन-चार ठिकाणी होतात: जागा, उत्तर दिशा, महिन्यांची पट्टी आणि मिनिटांचा फरक. तिथे वेळ घालवावा, बाकीचं सोपं आहे.

जागा

घड्याळ ४ मीटर रुंद धरलं तर आकड्यांसह पूर्व-पश्चिम साडेपाच मीटर आणि उत्तर-दक्षिण साडेतीन मीटर जागा लागते. भोवती उभं राहणाऱ्यांसाठी चारही बाजूंनी आणखी दीड-दोन मीटर सोडा. पूर्वेला आणि पश्चिमेला जी इमारत किंवा झाड असेल ते आपल्या उंचीच्या किमान चौपट अंतरावर हवं. सूर्य १५ अंश वर असताना वस्तूची सावली तिच्या उंचीच्या जवळजवळ पावणेचारपट लांब पडते, हे त्यामागचं कारण. चौपट अंतर मिळालं तर सूर्योदयानंतर साधारण एक-सव्वा तासाने घड्याळ चालू होतं आणि सूर्यास्ताआधी तेवढ्याच वेळाने थांबतं. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे उगवून दक्षिणेकडून फिरतो आणि नैऋत्येकडे मावळतो, म्हणून त्या दोन कोपऱ्यांकडेही बघा. उन्हाळ्यात जागा नक्की केली आणि डिसेंबरात शेजारच्या गच्चीची सावली अर्ध्या घड्याळावर आली, असं सहज होतं.

झाड हवंच, पण उत्तरेला. उत्तरेचं झाड घड्याळावर सावली टाकत नाही आणि थांबणाऱ्यांना आडोसा देतं. सहा-आठ मीटरवर एक सावलीदार झाड आणि खाली बाक असला की लोक रेंगाळतात. भर उन्हात उघड्यावर बाक ठेवला तर त्यावर कोणी बसत नाही.

जमीन पाणसळीने तपासा. पाणी वाहून जाण्यापुरता उतार, म्हणजे १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर, चालतो. त्याहून जास्त उतारावर वाचन बिघडायला लागतं. पृष्ठभाग फिकट रंगाचा आणि खडबडीत असावा. गडद डांबरावर सावली उठून दिसत नाही आणि ते तापतंही फार. गुळगुळीत पांढरी फरशी डोळ्यांवर चमकते आणि पाऊस पडला की निसरडी होते.

उत्तर शोधणं

होकायंत्रावर किंवा फोनवर विसंबू नका. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, खरी उत्तर नव्हे, फोनही चुंबकावरच विसंबतो, आणि काँक्रीटमधली सळई किंवा बाजूला उभी असलेली गाडी दोन्हींना आणखी भरकटवते. कात्यायन शुल्बसूत्र या यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात सांगितलेली शंकूची, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीची, रीत आजही उत्तम आहे आणि ती करताना चार मुलं आपोआप गोळा होतात.

एक मीटर उंचीची सरळ सळई घ्या, ओळंबा लावून ती अगदी उभी रोवा. तिच्या बुडाशी केंद्र धरून दोरीने तीन वर्तुळं काढा: ६०, ८० आणि १०० सेंटिमीटर त्रिज्येची. सकाळी सावली लांब असते, हळूहळू आखडत ती वर्तुळात शिरते. सावलीचं टोक ज्या क्षणी वर्तुळरेषेला टेकतं तिथे खूण करा. दुपारनंतर सावली वाढत पुन्हा बाहेर पडते, तिथे दुसरी खूण. त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. वर्तुळं तीन अशासाठी, की मध्येच ढग आला तर एखादी जोडी हुकते. तिन्ही जोड्यांच्या रेषा एकमेकींना समांतर आल्या म्हणजे काम नीट झालं. त्या तिरप्या दिसल्या तर सळई वाकडी आहे किंवा जमीन.

टोकाची खूण करताना घोळ होतो, कारण सावलीचं टोक धूसर असतं. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची चकती आहे, त्यामुळे कडेला अर्धवट उजेडाची पट्टी राहतेच. सळईच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पत्रा बसवा. जमिनीवर प्रकाशाचा लहान गोल ठिपका पडतो, त्याचा मध्य धरा.

पूर्व-पश्चिम रेषेवर ३-४-५च्या त्रिकोणाने काटकोन काढला की उत्तर मिळाली. दोरीवर ३, ४ आणि ५ मीटरच्या खुणा करून ताणा. लहान गुण्याने एवढी लांब रेषा बरोबर निघत नाही. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा करून पाहा. उत्तर १ अंशाने चुकली तर २० अंश अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारी ३ मिनिटांचा फरक पडतो, सकाळी ८ वाजता ८ मिनिटांचा, आणि मेमध्ये सकाळी ८ वाजता तब्बल १८ मिनिटांचा.

तासांच्या खुणा

लंबवर्तुळाची अर्धी रुंदी आपण ठरवायची. उष्ण कटिबंधात ती २ मीटर ठेवा. त्याहून मोठं केलं तर दुपारची आखूड सावली आकड्यापर्यंत पोचत नाही. हात वर केलेल्या मोठ्या माणसाची उंची साधारण २ मीटर होते, त्या हिशेबाने हे माप बसतं. लहान मुलाची सावली तोकडी पडली तर तिच्या दिशेने दोरी धरून वाचता येतं.

अर्धी उंची, म्हणजे मध्यापासून उत्तरेकडचं अंतर, ही अर्ध्या रुंदीला अक्षांशाच्या साइनने गुणून येणारी संख्या. अक्षांश जितका कमी तितकं लंबवर्तुळ चपटं. प्रत्येक तासाला सूर्य १५ अंश सरकतो, म्हणून दुपारी १२ पासूनचे तास गुणिले १५ हा तासाचा कोन. मध्यबिंदूपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला जायचं अंतर म्हणजे अर्धी रुंदी गुणिले त्या कोनाचा साइन. उत्तरेकडचं अंतर म्हणजे अर्धी उंची गुणिले त्याच कोनाचा कोसाइन. २० अंश उत्तर अक्षांश आणि २ मीटर अर्धी रुंदी धरली तर मापं सेंटिमीटरमध्ये अशी येतात:

१२ वाजता: बाजूला ०, उत्तरेला ६८.४
११ आणि १: बाजूला ५१.८, उत्तरेला ६६.१
१० आणि २: बाजूला १००, उत्तरेला ५९.२
९ आणि ३: बाजूला १४१.४, उत्तरेला ४८.४
८ आणि ४: बाजूला १७३.२, उत्तरेला ३४.२
७ आणि ५: बाजूला १९३.२, उत्तरेला १७.७
६ आणि ६: बाजूला २००, उत्तरेला ०

सकाळचे आकडे पश्चिमेला, दुपारचे पूर्वेला. सकाळी सूर्य पूर्वेला आणि सावली पश्चिमेला, म्हणून. हे उलटं लिहिण्याची चूक फार होते, खडू हातात असतानाच एकदा मोठ्याने म्हणून घ्या. दक्षिण गोलार्धात १२चा आकडा दक्षिणेला येतो. तुमचा अक्षांश वेगळा असेल तर फक्त उत्तरेकडची मापं बदलतात, बाजूची तीच राहतात. अक्षांश १० अंशांच्या आत असेल तर लंबवर्तुळ इतकं चपटं होतं की हे घड्याळ करण्यात अर्थ नाही. तिथे तिरप्या तबकडीचं घड्याळ करावं.

आकडेमोड बरोबर आली का हे पाहायला माळी लोक बागेत वाफा आखतात ती रीत वापरा. मध्यबिंदूपासून पूर्वेला आणि पश्चिमेला अर्धी रुंदी गुणिले अक्षांशाचा कोसाइन, म्हणजे आपल्या उदाहरणात १८८ सेंटिमीटरवर, एकेक खिळा ठोका. दोन खिळ्यांमध्ये बरोबर ४ मीटर लांबीची सैल तार बांधा आणि खडूने ती ताणत फिरवा. निघालेल्या रेषेवर सगळ्या तासांच्या खुणा पडायला हव्यात. नायलॉनची दोरी ताणते, म्हणून तारच घ्या. एखादी खूण रेषेबाहेर गेली तर तिचं माप पुन्हा घ्या, सगळ्या गेल्या तर मध्यबिंदू किंवा काटकोन चुकलाय.

महिन्यांची पट्टी

सूर्य वर्षभर उत्तर-दक्षिण सरकतो, म्हणून उभं राहण्याची जागाही सरकते. त्या दिवशीच्या सूर्याच्या क्रांतीचा (सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे त्या कोनाचा) टँजंट, गुणिले अक्षांशाचा कोसाइन, गुणिले अर्धी रुंदी, एवढं अंतर मध्यबिंदूपासून. क्रांती उत्तर असेल तर उत्तरेला, दक्षिण असेल तर दक्षिणेला. वरच्या उदाहरणात प्रत्येक महिन्याच्या १ तारखेची खूण, सेंटिमीटरमध्ये:

दक्षिणेला: जानेवारी ८०, फेब्रुवारी ५८, मार्च २५, ऑक्टोबर १०, नोव्हेंबर ४८, डिसेंबर ७५.
उत्तरेला: एप्रिल १४.५, मे ५०, जून ७६, जुलै ८०, ऑगस्ट ६१, सप्टेंबर २८.

दोन्ही टोकं, म्हणजे सूर्य सर्वांत उत्तरेला आणि सर्वांत दक्षिणेला असतो ते अयनदिन, मध्यबिंदूपासून ८१.५ सेंटिमीटरवर येतात. सूर्य उत्तरेकडे जात असतानाचे महिने पट्टीच्या एका बाजूला आणि परततानाचे दुसऱ्या बाजूला लिहा, नाहीतर मे आणि ऑगस्ट एकमेकांवर चढतात. पण माणसाने उभं राहायचं ते मधल्या रेषेवर, दोन्ही पायांच्या मध्ये रेषा ठेवून. लोक स्वाभाविकपणे महिन्याच्या नावावर पाय ठेवतात आणि वीस सेंटिमीटर बाजूला उभे राहतात. म्हणून मधल्या रेषेवर प्रत्येक महिन्यापाशी पावलांची जोडी रंगवा. ही एवढीशी गोष्ट केली की निम्मे गैरसमज मिटतात.

मध्यबिंदूवर उभं राहिलं तरी चालेल असं एखादा म्हणेलच. तसं फक्त २० मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास चालतं.

मिनिटांचा फरक

हा भाग टाळला तर "घड्याळ चुकतंय" ही तक्रार पहिल्याच आठवड्यात येते. सावली तुमच्या गावच्या सूर्याची वेळ दाखवते. मनगटावरचं घड्याळ एका ठरलेल्या रेखांशाची वेळ दाखवतं, भारतात तो ८२.५ अंश पूर्व. त्या रेखांशापासून प्रत्येक अंश पश्चिमेला गेलं की ४ मिनिटं मिळवायची, पूर्वेला गेलं की ४ वजा करायची. ७५ अंश रेखांशावर हा फरक ३० मिनिटांचा आहे आणि तो कधी बदलत नाही.

दुसरा फरक महिन्यागणिक बदलतो, कारण पृथ्वीची कक्षा अगदी गोल नाही आणि तिचा अक्षही कललेला आहे. महिन्याच्या मध्याला सावलीच्या वेळेत मिळवायची मिनिटं साधारण अशी: जानेवारी ९, फेब्रुवारी १४, मार्च ९, एप्रिल ०, मे उणे ४, जून ०, जुलै ६, ऑगस्ट ४, सप्टेंबर उणे ५, ऑक्टोबर उणे १४, नोव्हेंबर उणे १५, डिसेंबर उणे ५.

हा तक्ता दूरच्या फलकावर लावू नका, तो कोणी वाचत नाही. दोन्ही फरकांची बेरीज करून ती संख्या पट्टीवर महिन्याच्या नावाशेजारीच रंगवा. ७५ अंश रेखांशावर फेब्रुवारीपाशी "+४४" आणि नोव्हेंबरपाशी "+१५". माणूस पायाखाली बघतो तेव्हा महिना आणि मिनिटं एकत्रच दिसतात. तासांचे आकडेच सरकवून कायमचा फरक आत घेण्याची रीतही आहे, पण त्यात १२चा आकडा उत्तरेवरून हलतो आणि मोजताना दोन्ही बाजू एकमेकींशी ताडून पाहण्याची सोय जाते. छोट्या गावात, हौशी हातांनी करायचं असेल तर आकडे सरकवू नयेत.

आधी खडूने

पक्कं करण्याआधी निदान महिनाभर घड्याळ खडूचंच राहू द्या. पावसाने पुसलं तर पुन्हा आखा. दुसऱ्यांदा आखताना पहिल्या वेळची चूक हमखास सापडते. सकाळी ९, ११, दुपारी १ आणि ३ वाजता वाचन घ्या, मिनिटांची बेरीज करा आणि खऱ्या वेळेशी ताडून वहीत लिहा.

चूक कुठे आहे ते वाचनच सांगतं. दिवसभर सारखाच फरक येत असेल तर मिनिटांच्या बेरजेत गडबड आहे. सकाळ-संध्याकाळ फरक मोठा, भर दुपारी लहान, पण सगळीकडे एकाच बाजूला, असं असेल तर उत्तर चुकली आहे. सकाळी घड्याळ मागे आणि दुपारनंतर पुढे, किंवा त्याच्या उलट, असं असेल तर उभं राहण्याची खूण उत्तर-दक्षिण सरकली आहे किंवा अक्षांश चुकीचा धरलाय.

सगळं बिनचूक असूनही ५ ते १० मिनिटांपेक्षा बारीक वाचन होत नाही. डोक्याची सावली १५ सेंटिमीटर रुंद, आणि १२ ते १ हे अंतर ५२ सेंटिमीटर, म्हणजे नुसतं डोकंच १७ मिनिटं झाकतं. म्हणून सावलीचा मध्य बघायचा. ६ आणि ७ मधलं अंतर तर जेमतेम १९ सेंटिमीटर आहे, त्या वेळेला अंदाजच चालतो.

उष्ण कटिबंधात मे ते जुलै हा खरा कठीण काळ. तेव्हा उभं राहण्याची जागा १२च्या आकड्याला जवळजवळ चिकटते आणि तिथून सकाळचे ६ ते ११ हे सगळे आकडे अवघ्या १६ अंशांच्या कोनात दाटतात. माणसाची जाड सावली त्यात दोन-दोन आकडे व्यापते. या महिन्यांत माणसाऐवजी दोन मीटरची सरळ, बारीक काठी वापरा, ओळंब्याने उभी धरून. काठी बाकाशेजारी कायम ठेवून द्या आणि फलकावर तसं लिहा. अर्ध्या तासापर्यंतची चूक या दिवसांत समजून घ्यावी लागते, आणि ती का होते हे फलकावर लिहिलेलं असलं की लोक समजून घेतात.

पक्कं करताना

जागा सार्वजनिक असेल तर स्थानिक स्वराज्य संस्थेची लेखी परवानगी आधी घ्या. भूमिगत नळ आणि तारा कुठून जातात हेही तेव्हाच विचारा, नाहीतर वर्षभरात कोणीतरी बरोबर १२च्या आकड्यातून चर खणतो.

नुसता रंग उन्हात टिकत नाही, वर्षा-दोन वर्षांत फिका पडतो. तासांसाठी २० बाय २० सेंटिमीटरचे, ४ सेंटिमीटर जाडीचे दगड जमिनीच्या पातळीत बसवा, एक भाग सिमेंट चार भाग वाळूच्या मालात. दगड अजिबात वर राहू देऊ नका. लोक इथे वर बघत, मागे सरकत चालतात आणि ठेचकाळतात. आकडा दगडात कोरून घ्या, त्याची उंची १२ ते १५ सेंटिमीटर असली की उभ्या माणसाला सहज वाचता येतो. बसवल्यावर किमान सात दिवस पाणी मारा. कोबा नवीन असेल तर त्यावर रंग देण्याआधी २८ दिवस थांबा, ओलावा आत असताना दिलेला रंग पापुद्रे धरतो. गवंडी दगड बसवत असताना ज्यांनी मापं घेतली त्यांच्यापैकी एकाने तिथे थांबायलाच हवं. दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होणं बांधकामात काहीच नसतं, इथे ती दोन-तीन मिनिटं असतात.

फलक उत्तरेला, घड्याळापासून दोन मीटर लांब. त्यावर पाचच वाक्यं: महिन्यावर उभे राहा, सूर्याकडे पाठ करा, हात डोक्यावर जोडा, सावलीखालचा आकडा वाचा, पायाशी लिहिलेली मिनिटं मिळवा. आणि खाली ठळक: सूर्याकडे थेट पाहू नका.

वर्षभर

घड्याळ सांभाळायला तीन-चार घरांची टोळी पुरते. महिन्याच्या पहिल्या रविवारी झाडलोट, पावलांचा रंग आणि एक वाचन वहीत. शेजारचं झाड किती वाढलं हेही त्याच वहीत लिहा, कारण छाटणी कधी करायची ते त्यावरून ठरतं.

लोकांना एकत्र बोलवायचे दिवस सूर्यच देतो. २० मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास उभ्या काठीच्या सावलीचं टोक दिवसभर सरळ रेषेत पूर्वेकडे सरकतं. सकाळपासून दर अर्ध्या तासाला मुलांनी खडूचा ठिपका द्यायचा आणि संध्याकाळी दोरी लावून बघायचं. २१ जून आणि २२ डिसेंबरच्या आसपास पट्टीची दोन टोकं गाठली जातात.

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांना आणखी दोन दिवस मिळतात, शून्य सावलीचे. सूर्याची क्रांती तुमच्या अक्षांशाएवढी होते ते हे दिवस. २० अंश उत्तरेला ते २० मेच्या आणि २४ जुलैच्या आसपास येतात. त्या दिवशी महिन्यांच्या पट्टीवरची उभं राहण्याची जागा आणि १२चा दगड एकच होतात. मनगटावरच्या घड्याळात सावलीचे १२ कधी होणार हे मिनिटं मिळवून आधी काढून ठेवा, ७५ अंश रेखांशावर मेमध्ये ते १२ वाजून २६ मिनिटांनी होतात. सगळ्यांना दहा मिनिटं आधी बोलवा, पाणी आणि टोप्या सोबत ठेवायला सांगा, आणि दगडाच्या मधोमध एक उभा पेला किंवा नळकांडं ठेवा. त्याची सावली पश्चिमेकडून आखडत येते, काही क्षण बुडाखाली पूर्ण नाहीशी होते, आणि मग पूर्वेकडून बारीक काळी कड बाहेर डोकावते.